किडे पाहण्याचा पगार

रानद्राक्षाच्या वेलीचं पान उलटून पाहिलं तर कधीकधी मागच्या बाजूला वाटाण्याएवढे हिरवट, खडबडीत फोड दिसतात. पानाच्या वरच्या अंगाला त्या प्रत्येक फोडाचं बारीक तोंड असतं, तेही लवेने झाकलेलं. फोड सुईने उकलला की आत एक पिवळसर, बिनपंखी, गोलमटोल मादी बसलेली असते आणि तिच्याभोवती अंड्यांची रास. मादी जेमतेम एक मिलिमीटरची, भिंगाखाली धरल्याशिवाय तिचे पाय मोजता येत नाहीत. १८५५च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सेलम या गावच्या एका डॉक्टरांनी असे फोड उकलले, आतल्या किड्याचं वर्णन लिहिलं, त्याला लॅटिन नाव दिलं आणि आपल्या अहवालात इतर शेकडो किड्यांच्या रांगेत त्याची नोंद छापून टाकली. त्या वर्षी त्या नोंदीला कोणी विचारलं नाही. पंधरा वर्षांनी, फ्रान्समधल्या द्राक्षबागा उभ्या वाळत होत्या, तेव्हा तीच नोंद शोधत शास्त्रज्ञ त्या अहवालापर्यंत आले.

डॉक्टरांचं नाव एसा फिच. वैद्यकी त्यांनी केव्हाच सोडली होती. घरची शेती होती, घराशेजारी एक छोटी खोली होती आणि त्या खोलीत टाचणीला टोचलेले किडे होते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने राज्यातल्या किड्यांचा, विशेषतः पिकांवर पडणाऱ्या किड्यांचा, अभ्यास करण्यासाठी १,००० डॉलर मंजूर केले. रक्कम राज्याच्या कृषी संस्थेकडे आली आणि संस्थेने फिच यांना नेमलं. एखाद्या राज्याने पगार देऊन ठेवलेला अमेरिकेतला पहिला व्यावसायिक कीटकशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या हजार डॉलरांत सरकारने नेमकं काय विकत घेतलं, हे समजून घेण्यासाठी ट्रॉयला जायला हवं, कारण फिच घडले ते तिथल्या शाळेत.

हे ट्रॉय म्हणजे होमरच्या महाकाव्यातलं नव्हे. न्यूयॉर्क शहरापासून उत्तरेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, हडसन नदीच्या पूर्व काठावर हे गाव आहे. राज्याची राजधानी ऑल्बनी थोडी खाली, पलीकडच्या तीरावर. एकोणिसाव्या शतकात इथे लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या आणि सुट्या कॉलरचे कारखाने इतके झाले की गावाला कॉलर सिटी हे नावच पडलं. अमेरिकन सरकारचं प्रतीक मानला जाणारा टोपीवाला अंकल सॅमही इथलाच समजतात. १८१२च्या युद्धात सैन्याला खारवलेलं मांस पुरवणारा सॅम्युएल विल्सन हा ट्रॉयचा व्यापारी, आणि त्याची कबर गावच्या ओकवुड स्मशानभूमीत आहे. सरकार आणि अन्न यांचा संबंध या गावाला जुना आहे.

संशोधनाची गोष्ट मात्र तुरुंगातून सुरू होते. एमॉस ईटन हा वकील आणि जमिनींच्या व्यवहारातला मुखत्यार. १८११मध्ये बनावट कागदपत्रांच्या आरोपावरून त्याला जन्मठेप झाली. आपण निर्दोष आहोत असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि तुरुंगाच्या एका अधिकाऱ्याच्या मुलाला झाडं ओळखायला शिकवलं. तो मुलगा म्हणजे जॉन टॉरी, पुढे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक. १८१५मध्ये ईटनला सशर्त माफी मिळाली, पुढे गव्हर्नर डेविट क्लिंटनने अटीही काढून टाकल्या. १८१८मध्ये त्याच क्लिंटनच्या बोलावण्यावरून ईटनने ऑल्बनीत राज्याच्या आमदारांपुढे भूशास्त्राची व्याख्यानं दिली. जन्मठेपेचा कैदी काही वर्षांत राज्यकर्त्यांना माती आणि खडक समजावून सांगू लागला, आणि राज्यकर्तेही बसून ऐकू लागले! न्यूयॉर्क राज्याने १८३६मध्ये हाती घेतलेल्या मोठ्या नैसर्गिक सर्वेक्षणाची बीजं या व्याख्यानांत होती, आणि ते सर्वेक्षण करणाऱ्यांत ईटनचे शिष्य आघाडीवर होते.

ईटनला आधार मिळाला तो स्टीफन व्हान रेन्सेलर या जमीनदाराचा. त्याने ईटनकडून ऑल्बनी आणि रेन्सेलर या दोन काउंट्यांची माती, खडक आणि शेती यांची पाहणी करून घेतली. नंतर १८२४मध्ये दोघांनी मिळून ट्रॉयमध्ये रेन्सेलर स्कूल काढलं. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलामुलींना विज्ञान शेतीत, घरकामात आणि धंद्यात कसं वापरायचं ते शिकवू शकतील असे शिक्षक तयार करणं, हा त्याच्या स्थापनेच्या पत्रात लिहिलेला उद्देश होता. मुलींचा उल्लेख त्या पत्रात १८२४ साली आहे, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. जानेवारी १८२५मध्ये एका जुन्या बँकेच्या इमारतीत वर्ग सुरू झाले. ईटनची पद्धत उलटी होती. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग मांडायचे, स्वतः व्याख्यान द्यायचं आणि मास्तरांनी ऐकायचं. दुपारी गावातल्या कारखान्यांत आणि शेतांवर जायचं.

या शाळेचा पैसा कुठून आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. व्हान रेन्सेलरच्या ताब्यात हडसनच्या दोन्ही तीरांवर लाखो एकर जमीन होती आणि तिच्यावर हजारो कुळं राबत होती. कुळांनी दर १०० एकरांमागे वर्षाला १० ते १४ बुशेल गहू, ४ पुष्ट कोंबड्या आणि गाडीघोड्यासह एक दिवसाची वेठ द्यायची, असा पट्टा. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. कोकणातल्या खोताला आणि त्याच्या कुळांना हा हिशेब नवा वाटला नसता. १८३९मध्ये व्हान रेन्सेलर वारला, वारसांनी थकलेला खंड वसूल करायला माणसं पाठवली, आणि कुळांनी शिंगं फुंकत, वेषांतर करून शेरीफच्या माणसांना हाकलून लावलं. काही वर्षं हे बंड चाललं. १८४६च्या राज्यघटनेने असे सरंजामी पट्टे बंद केले. शेतकऱ्यांच्या मुलांना विज्ञान शिकवणारी शाळा शेतकऱ्यांच्याच खंडावर उभी होती. शेती संशोधनाचा पैसा एका धनिकाच्या मर्जीतून न येता सर्वांच्या करांतून यावा, विधिमंडळात चर्चा होऊन यावा, याचं सर्वांत ठोस कारण मला याच इतिहासात दिसतं.

गव्हाचा खंड ठरवताना गहू पिकेल, हे गृहीत धरलेलं होतं. १८३०च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये ते गृहीत मोडायला लागलं. युरोपातून आलेली एक नारिंगी रंगाची माशी, डासाहूनही लहान, कॅनडा आणि व्हर्मांटमार्गे खाली सरकत होती. ओंबी बाहेर पडायच्या दिवसांत ही माशी संध्याकाळी उडते, ओंबीच्या तुसांत अंडी घालते आणि तिच्या नारिंगी अळ्या भरणाऱ्या दाण्याचा रस शोषून घेतात. शेत दुरून भरघोस दिसतं. मळणीला बसलं की हातात भुस्सा येतो.

फिच यांचं सेलम ट्रॉयपासून ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर. १८२६मध्ये, सतरा वर्षांचे असताना, ते ईटनच्या एका सहलीत सामील झाले. नुकत्याच खुल्या झालेल्या ईरी कालव्यातून नावेने बफेलोपर्यंत जायचं, वाटेत खडक, झाडं, किडे गोळा करायचे आणि नावेतच त्यांवर वर्ग भरवायचे, अशी ती शाळा. तिथून परत आल्यावर फिच रेन्सेलर स्कूलमध्ये दाखल झाले. पुढे वैद्यकी शिकले, काही वर्षं केली, सोडली आणि शेतावर परतले. १८४५मध्ये त्यांनी गव्हाच्या माशीवर दीर्घ निबंध लिहिला, पुढच्या वर्षी गव्हावरच पडणाऱ्या हेसियन माशीवर. हे सगळं पदरमोड करून. सरकारी नेमणूक त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी झाली.

या अभ्यासात फिच यांना एक गोष्ट खटकली. हीच माशी इंग्लंडात आहे, फ्रान्समध्ये आहे, पण तिथे ती गव्हाचा असा सत्यानाश करत नाही. का? त्यांचा निष्कर्ष असा की तिथे तिच्या अळ्यांवर जगणारे दुसरे बारीक कीटक आहेत. माशी समुद्र ओलांडून आली, तिचे शत्रू मागे राहिले. मग ते शत्रूच का आणू नयेत? १८५५मध्ये त्यांनी लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेचे अध्यक्ष जॉन कर्टिस यांना पत्र लिहून ते परजीवी कीटक पाठवण्याची विनंती केली. कीटक काही आले नाहीत. पण बाहेरून आलेल्या किडीसाठी तिचा नैसर्गिक शत्रू तिच्या मायदेशातून आणायचा, ही कल्पना कागदावर आली. तेहतीस वर्षांनी, १८८८मध्ये, कॅलिफोर्नियाची संत्री पांढऱ्या खवले किडीने मरायला टेकली तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने माणूस ऑस्ट्रेलियाला पाठवून एक लालकाळा ढालकिडा आणला आणि बागा वाचल्या. त्या मोहिमेमागे चार्ल्स व्हॅलेंटाईन रायली हा सरकारी कीटकशास्त्रज्ञ होता. त्याचं नाव पुन्हा येणार आहे.

मला या गोष्टीचं शेवटचं टोक महाराष्ट्रात सापडतं. २००८मध्ये कोइमतूरच्या परिसरात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. दोन वर्षांत तो पुण्यापर्यंत आला. पपईची झाडं, फळं पांढऱ्या कापसाने मढवल्यासारखी झाली, पाठोपाठ तुती आणि इतर पिकंही. शेतकरी औषधावर औषध मारत राहिले, पण मेणाच्या थराखाली बसलेल्या ढेकणाला काही होईना. २०१०मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोर्तो रिको इथल्या केंद्रातून तीन परजीवी कीटक मागवले. त्यातल्या असेरोफेगस नावाच्या बारीकशा गांधीलमाशीने काम फत्ते केलं. पुण्याच्या परिसरातही ती सोडली गेली, आणि पुढच्या हंगामांत पपईवरची साथ ओसरली. ज्या कीटकांसाठी फिच यांनी पत्र लिहिलं ते त्यांना मिळाले नाहीत. ते पत्र लिहिण्यासाठी त्यांना पगार मिळत होता, एवढंच.

आता द्राक्षाच्या पानाकडे. १८६३च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात वेली विनाकारण वाळू लागल्या. जुलै १८६८मध्ये मॉन्पेलिएच्या ज्यूल-एमील प्लांशोंने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेली सोडून, अजून हिरव्या असलेल्या वेली उपटून त्यांच्या मुळ्या पाहिल्या. मुळ्यांना पिवळ्या किड्यांची पूड चिकटलेली होती. नाव ठेवलं फायलॉक्सेरा. पण हा किडा आला कुठून? इकडे मिसूरी राज्याचा सरकारी कीटकशास्त्रज्ञ रायली याला शंका आली की न्यूयॉर्कच्या फिचने पानांच्या फोडांत पाहिलेला किडा आणि फ्रान्सच्या मुळ्यांवरचा किडा एकच आहे. दोन्हीकडचे नमुने ताडून त्याने ते दाखवून दिलं. म्हणजे किडा अमेरिकन. म्हणजे अमेरिकेतल्या रानवेली त्याच्यासोबत हजारो वर्षं जगत आल्या आहेत. म्हणजे त्यांची मुळं तग धरतात. मग त्या मुळांवर फ्रान्सची द्राक्षं बांधा.

हा निष्कर्ष निघायला आणि पटायला वेळ लागला. तोवर १८७५मध्ये सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर असलेलं फ्रान्समधलं वाइनचं उत्पादन १८८९पर्यंत सव्वादोन-अडीच कोटींवर घसरलं. फ्रान्सच्या सरकारने उपाय शोधणाऱ्याला आधी २०,००० आणि १८७४मध्ये ३,००,००० फ्रँकचं बक्षीस लावलं. बेडूक पुरण्यापासून समुद्राचं पाणी ओतण्यापर्यंत हजारो सूचना आल्या. बक्षीस कधीच कोणाला दिलं गेलं नाही. संकट अंगावर आल्यावर लावलेले तीन लाख फ्रँक एकीकडे, आणि संकटाचा मागमूस नसताना एका खेडेगावच्या माणसाला दरसाल दिलेले हजार डॉलर दुसरीकडे. किडा ओळखला गेला तो दुसऱ्या पैशातून. संशोधनासाठी बक्षिसं, आव्हानं, स्पर्धा लावण्याची टूम आज पुन्हा जोरात आहे, म्हणून हे सांगावंसं वाटतं. बक्षीस उत्तराला मिळतं. फिच यांनी पान उलटलं तेव्हा प्रश्नच अजून जन्माला आला नव्हता.

फ्रान्सला अमेरिकन मुळं पुरवणाऱ्यांत टेक्सासचा टी. व्ही. मन्सन हा रोपवाटिकावाला होता. टेक्सासमधल्या रानवेलींतून त्याने निवडलेल्या खुंटांपैकी एकाचं नाव डॉगरिज. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष बागायतदाराला हे नाव सांगावं लागत नाही. १९९०च्या दशकापासून पाण्याचा तुटवडा आणि विहिरींचं खारं पाणी यांनी स्वमुळावरच्या बागा खचायला लागल्या, तेव्हा आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या जातींचं कलम भरायची पद्धत रुळली. आपल्याकडे कारण फायलॉक्सेराचं नव्हतं, पण खुंटावर वेल बांधायची विद्या त्या संकटाने जगाला शिकवली. यातली तास-ए-गणेश तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या मळ्यात निवडलेली आणि सोनाका सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची. आपले बागायतदार स्वतः संशोधक आहेत, त्यांनी १९६०मध्ये आपला संघ काढला आणि वर्गणी जमवून जगभरातून ज्ञान आणलं. तरीही कोणत्या खुंटावर कोणती जात, कोणत्या क्षाराला किती वर्षं टिकते, हे मोजत बसायला १९९७मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लागलंच. एका शेतकऱ्याला दहा वर्षं वाट पाहणं परवडत नाही.

अमेरिकेने हे वाट पाहणं कायद्यात बसवलं. १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी सरकारी जमीन दिली. ती जमीन बहुतेक मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, आणि त्या विद्यापीठांना आज या देण्याचा हिशेब विचारला जातो आहे. न्यूयॉर्कच्या वाट्याला जवळजवळ ९,९०,००० एकर आले. ते सगळे इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठाला मिळाले, ट्रॉयला एक एकरही नाही. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेलं रेन्सेलर स्कूल तोवर पूल आणि रेल्वे बांधणारे इंजिनिअर घडवू लागलं होतं, आणि १८६१पासून त्याचं नाव रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट झालं. १८८७च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राला वर्षाला १५,००० डॉलर बांधून दिले. प्रकल्प लिहा, स्पर्धेत उतरा, असं काही नाही. दरवर्षी येणारी रक्कम, कारण किडी आणि रोग दरवर्षी येतात. आपली कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर निघाली. महाराष्ट्रात १९६८मध्ये राहुरीला सुरुवात झाली आणि तिच्या घडणीत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे लोक सल्लागार होते. पुढे अकोला, परभणी, दापोली.

ट्रॉयला मात्र शेतीचा पैसा मिळवायचा तर स्पर्धेतूनच, आणि तो मिळालाही. गेल्या दशकात तिथल्या लाइटिंग रिसर्च सेंटरने कॉर्नेलच्या वनस्पती रोगतज्ज्ञ डेव्हिड गॅडोरी यांच्याबरोबर, कृषी खात्याच्या संशोधन अनुदानावर, जे काम केलं ते नाशिकच्या बागायतदाराने कान देऊन ऐकावं असं आहे. विषय होता भुरी. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवेत घडांवर राखेसारखी बसते ती भुरी. एका हंगामात तिच्यासाठी किती फवारण्या होतात आणि युरोपात माल पाठवताना औषधांच्या अंशांची तपासणी कशी धाकधूक लावते, ते बागायतदारच जाणे.

भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर उघडी वाढते आणि तिला रंगद्रव्याचं संरक्षण नसतं. म्हणून अतिनील किरणांनी ती मरायला हवी, आणि मरतेही. अडचण अशी की बुरशी मारण्याइतका डोस दिवसा दिला तर पानंही करपतात. ट्रॉय आणि कॉर्नेलच्या लोकांनी आणि त्यांच्या नॉर्वेतल्या सहकाऱ्यांनी यातली खोच पकडली. अतिनील किरणांनी बुरशीच्या डीएनएला इजा होते, पण ती इजा दुरुस्त करणारं एक विकर तिच्याकडे असतं आणि ते विकर निळ्या उजेडावर चालतं. दिवसा मारलेला घाव सूर्यप्रकाशातच भरून निघतो. मग किरण रात्री सोडा. रात्री निळा उजेड नाही, दुरुस्ती बंद, पहाटेपर्यंत बुरशी संपते, आणि डोस इतका कमी पुरतो की पानाला धक्का लागत नाही. दिव्यांची कमान ट्रॅक्टरला किंवा आपोआप चालणाऱ्या यंत्राला बांधायची आणि आठवड्यातून एक-दोनदा अंधारात ओळींमधून फिरवायची. स्ट्रॉबेरीवर फ्लोरिडात आणि द्राक्षावर न्यूयॉर्कमध्ये याच्या चाचण्या झाल्या, आता अशी यंत्रं शेतांत फिरतात. दिव्यांचा अभ्यास करणारी एक संस्था आणि बुरशीचा अभ्यास करणारा एक माणूस यांना एका टेबलाशी बसवायला सरकारी पैसा लागला. औषध कंपनीला फवारणी कमी करण्यात रस असायचं कारण नाही, आणि एकट्या शेतकऱ्याला दिवा कोणत्या तरंगलांबीचा घ्यायचा हे कळायचा मार्ग नाही.

ट्रॉयच्या समोर, नदीपलीकडे ग्रीन आयलंडला इकोव्हेटिव्ह ही कंपनी आहे. २००७मध्ये रेन्सेलरमधून बाहेर पडलेल्या दोन तरुणांनी ती काढली. शेतातल्या काडीकचऱ्यावर अळंबीचं जाळं वाढवून थर्माकोलच्या जागी वापरता येईल असं पॅकिंग ते बनवतात. त्यांच्या सुरुवातीच्या पैशातही केंद्राच्या आणि राज्याच्या लघुउद्योग संशोधन अनुदानांचा वाटा होता, आणि एका प्रयोगात कृषी खात्याच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेने कापूस जिनिंगचा कचरा वापरून पाहिला. विदर्भात दरवर्षी पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या जातात, म्हणून हे नोंदवून पुढे जातो.

आज हा पैसा कोणत्या अवस्थेत आहे? अमेरिकेत स्पर्धात्मक कृषी अनुदानं वाटणारी राष्ट्रीय संस्था, निफा, २००८च्या कायद्याने आली. तिच्या मुख्य कार्यक्रमाला कायद्याने वर्षाला ७० कोटी डॉलरपर्यंत देण्याची मुभा आहे, आणि काँग्रेसने तेवढे कधीच दिलेले नाहीत. २०१९मध्ये या संस्थेला वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटीला हलवण्याचा हुकूम निघाला. बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी गाव सोडण्याऐवजी नोकरी सोडली, आणि अर्ज तपासणारे, विषय जाणणारे अनुभवी लोक त्यांच्याबरोबर गेले. २०२५मध्ये कृषी खात्याने हवामान बदलाशी जोडलेला ३०० कोटी डॉलरांहून मोठा कार्यक्रम मध्यावर रद्द केला. परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्था बंद करताना सरकारने विकसनशील देशांतल्या पिकांवर काम करणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांच्या साखळीचाही निधी तोडला. पपईच्या पिठ्या ढेकणाविरुद्धच्या लढाईत भारताला हात देणाऱ्या जाळ्यात त्यांच्यापैकी एक होती. पेरणी झालेल्या शेताचं पाणी मध्येच तोडणं आपल्या शेतकऱ्याला नीट कळतं. संशोधनात तेच होतं: तीन वर्षांच्या प्रयोगाची दोन वर्षांची आकडेवारी सहसा कोणाच्याच कामाची राहत नाही.

ही घसरण एका सरकारची नाही. महागाई वजा केली तर अमेरिकेचा शेती संशोधनावरचा सार्वजनिक खर्च २००२नंतर २०१९पर्यंत सुमारे एक तृतीयांशाने उतरला. आणि याच देशाच्या कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला आहे की १९०० ते २०११ या काळात अशा खर्चातला प्रत्येक डॉलर समाजाला सरासरी २० डॉलर देऊन गेला. आपल्या २०२३-२४च्या आर्थिक पाहणीने भारतासाठी हाच आकडा एका रुपयाला १३.८५ रुपये असा दिला. तरीही शेती संशोधनावरचा आपला खर्च शेती उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच घुटमळतो. इतका परतावा देणारा खर्च कोणताही शहाणा शेतकरी आधी करेल. सरकारं करत नाहीत, कारण परतावा पंधरा-वीस वर्षांनी येतो, दुसऱ्याच्या कारकिर्दीत येतो आणि कधीकधी दुसऱ्याच देशात येतो.

फिच यांचा पगार दरवर्षी विधिमंडळाच्या मर्जीवर होता. अहवाल १४ झाले. १८७०च्या दशकाच्या आरंभी ते थांबले आणि न्यूयॉर्कने त्या जागी कोणालाही नेमलं नाही. नवा राज्य कीटकशास्त्रज्ञ, जोसेफ लिंटनर, १८८०मध्ये आला. त्या मधल्या वर्षांत कोलोरॅडोचा बटाट्याचा भुंगेरा पश्चिमेकडून शेतं खात खात १८७४मध्ये अटलांटिकच्या किनाऱ्याला पोहोचला. त्याच्या वाटेत न्यूयॉर्क होतं, आणि न्यूयॉर्कची खुर्ची रिकामी होती.

मे २०१८मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना मक्याच्या पोंग्यात एक अनोळखी अळी दिसली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चार ठिपक्यांचा चौकोन. अमेरिकन लष्करी अळी भारतात आल्याची ती पहिली नोंद. ते लोक त्या शेतात होते कारण तेच त्यांचं काम होतं. काही महिन्यांत अळी सोलापूर-सांगलीच्या मक्यावर आली, उसावरही दिसली, तेव्हा तिचं नाव, तिची सवय, अंडी कुठे शोधायची आणि पोंग्यात काय टाकायचं, हे निदान सांगता तरी आलं. महाराष्ट्राच्या चारही कृषी विद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या आणि शिक्षकांच्या कित्येक जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी घेतलेल्या तरुणाला एका पिकाचे दोन हंगामसुद्धा पूर्ण पाहता येत नाहीत. येत्या अर्थसंकल्पात कर्जमाफी, हमीभाव, पीकविमा यांवर दिवसभर चर्चा होईल आणि व्हायलाच हवी. त्यातला एक तास या रिकाम्या जागांवर व्हावा, प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक विभागात किती जण कायमचे आहेत ते सभागृहात वाचून दाखवलं जावं, आणि त्या जागा कोणत्या तारखेपर्यंत भरणार ते कृषिमंत्र्यांनी सांगावं.